चार सर्व्हर कारखान्यात, बाकी क्लाउडवर: क्लस्टर एक करावा की दोन?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, त्याच्या सर्व्हर रूममध्ये चार फिजिकल सर्व्हर, एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनमध्ये एक अकाउंट, डॉकर कंपोजवर (कंटेनर, म्हणजे डब्यात बांधलेली सॉफ्टवेअरं, चालवणारं साधन) चालणाऱ्या तीसेक सर्व्हिसेस, आणि हे सगळं सांभाळायला तुम्ही व एक ज्युनिअर. व्यवस्थापनाला दोन्हीकडे पसरलेला एकच कुबरनेटिस क्लस्टर, म्हणजे कंटेनर आपसात वाटून चालवणारा सर्व्हरचा गट, हवा आहे. तो उभा करायला टेराफॉर्म घ्यावं, क्यूबस्प्रे घ्यावं की केथ्रीएस, असं तुम्ही विचारलं आहे.

साधनाचं उत्तर देणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट ठरायला हवी: कंट्रोल प्लेन (क्लस्टरचं नियंत्रण करणारा भाग) कुठे राहणार, आणि तो बिघडला की रात्री दोन वाजता कोण उठणार. हे एकदा ठरलं की साधन निवडायला दहा मिनिटं पुरतात. माझं मत आधीच सांगून टाकते. एक क्लस्टर दोन ठिकाणी ताणू नका. कारखान्यात एक छोटा क्लस्टर करा, क्लाउडवर दुसरा स्वतंत्र करा, आणि दोन्हींची सगळी मांडणी एकाच गिट रिपॉझिटरीत (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या फाइलींच्या साठ्यात) लिहून ठेवा. गेली नऊ वर्षं मी हेच काम करते आहे. कधी चकचकीत डेटा सेंटरमध्ये, तर कधी जिन्याखालच्या खोलीत स्प्लिट एसी लावून ठेवलेल्या रॅकवर. हे मत त्या जिन्याखालच्या खोल्यांमधून आलेलं आहे.

अर्थात काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील आणि त्या मला इथून दिसत नाहीत. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे इंटरनेट गेलं तर कारखान्यात काय काय चालूच राहिलं पाहिजे. लाइनवरच्या मशीनचं रीडिंग घेणारी सर्व्हिस, बारकोड छापणारी सर्व्हिस, गेटवरचं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर हे थांबलं तर उत्पादन थांबतं. पगारपत्रक किंवा ग्राहकांचं पोर्टल तासभर बंद राहिलं तर लोक कुरकुर करतील, पण लाइन थांबणार नाही. तीस सर्व्हिसेसची यादी करा आणि प्रत्येकीपुढे ‘नेट नसताना हवी’ किंवा ‘नको’ एवढंच लिहा. उत्पादनाच्या माणसांना सोबत बसवून लिहा, कारण आयटीच्या खोलीत बसून केलेली अशी यादी मी नेहमी चुकलेली पाहिली आहे. त्यात ‘हवी’ असलेल्या फक्त चार-पाच निघाल्या, तर कारखान्यात कुबरनेटिसची गरजच नाही. आहे ते डॉकर कंपोज नीट बॅकअपसह चालू द्या आणि क्लाउडवरचा एकच क्लस्टर सांभाळा. दोन माणसांच्या टीमला हा पर्याय कमीपणाचा वाटता कामा नये. दहा-पंधरा निघाल्या, आणि एक सर्व्हर बंद पडला तरी त्या चालायला हव्या असतील, तर पुढचं वाचा.

आता ताणू नका असं का म्हणते ते सांगते. चाकण ते मुंबई अंतर थोडं आहे, नेटवर्कचा विलंब काही मिलिसेकंदांचाच. त्यामुळे चाचणीत पसरलेला क्लस्टर अगदी सुरेख चालतो आणि सगळे खूश होतात. विलंबाने काही बिघडत नाही, बिघडतं ते लिंक तुटल्यावर.

कुबरनेटिसची सगळी स्मृती एटसीडी नावाच्या डेटाबेसमध्ये असते आणि तो बहुमतावर चालतो. तीन सदस्य असतील तर दोन एकमेकांना दिसले पाहिजेत, पाच असतील तर तीन. आता तुमच्याकडे दोनच ठिकाणं आहेत. तीन सदस्य दोन ठिकाणी वाटायचे तर एका ठिकाणी दोन आणि दुसऱ्या ठिकाणी एक असंच होणार. बहुमत कारखान्यात ठेवलं तर कारखान्याची वीज गेली की क्लाउडची बाजूही आंधळी होते. क्लाउडवर ठेवलं तर लिंक तुटली की कारखाना आंधळा होतो. तिसरं ठिकाण नसेल तर या गणिताला उत्तर नाही, कितीही महाग साधन आणलं तरी.

यावर कोणी सांगेल की कंट्रोल प्लेन पूर्ण क्लाउडवर ठेवा आणि कारखान्यातले सर्व्हर फक्त वर्कर (प्रत्यक्ष काम चालवणारे) म्हणून जोडा. एडब्ल्यूएसने ईकेएस या आपल्या कुबरनेटिस सेवेसाठी डिसेंबर २०२४ मध्ये हायब्रिड नोड्स आणले ते यासाठीच. चांगली सोय आहे, पण दोन्ही बाजूंमधली जोडणी भरवशाची असावी ही तिची अट आहे, आणि लिंक वारंवार तुटणाऱ्या जागेसाठी ती नाही हे एडब्ल्यूएस स्वतःच सांगतं. लिंक तुटली की काय होतं ते टप्प्याटप्प्याने बघा. चाळीस-पन्नास सेकंद नोडकडून (क्लस्टरमधल्या सर्व्हरकडून) खबर आली नाही की कंट्रोल प्लेन त्याला बेपत्ता ठरवतो. त्यानंतर साधारण पाच मिनिटांनी त्यावरचे पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचे गट) दुसरीकडे हलवायला घेतो. कारखान्यातले पॉड मात्र तसेच चालू असतात, कारण त्यांना बंद करण्याचा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. म्हणजे तुमची बारकोडची सर्व्हिस कारखान्यात एक आणि क्लाउडवर एक अशी दोनदा चालू होऊ शकते. नोडची लेबलं आणि टॉलरेशन (कोणता पॉड कुठे राहायचा याच्या खुणा) नीट लावून हे टाळता येतं, पण ते प्रत्येक सर्व्हिससाठी आठवणीने करावं लागतं.

याहून वाईट प्रसंग मी स्वतः भोगला आहे. एका कारखान्यात वर्कर इथे आणि कंट्रोल प्लेन क्लाउडवर अशीच रचना होती. पावसाळ्यात वीज गेली, जनरेटर सुरू व्हायला उशीर झाला, यूपीएस संपला आणि सर्व्हर बंद पडले. वीज आल्यावर सर्व्हर उठले, पण इंटरनेटची लाइन उठली नाही. रीबूट झालेल्या नोडवरच्या क्यूबलेटला (तिथले पॉड चालवणाऱ्या प्रोग्रामला) आपण काय चालवायचं हे एपीआय सर्व्हरला (कंट्रोल प्लेनच्या दाराला) विचारावं लागतं. एपीआय सर्व्हर दिसत नसेल तर स्टॅटिक पॉड (नोडवरच्याच फाइलमध्ये लिहिलेले) सोडून तो काहीच सुरू करत नाही. सर्व्हर धडधाकट, डिस्कवर इमेज (कंटेनरचे साचे) हजर, डेटा हजर, आणि एकही सर्व्हिस चालू नाही. आम्ही हातानेच कंटेनर सुरू करत बसलो. वीज आणि इंटरनेट एकत्र जातात ही गोष्ट आराखड्याच्या कागदावर कधीच दिसत नाही. तुमच्या भागात दोन्ही एकाच वादळात जाणार हे गृहीत धरूनच रचना करा.

म्हणून दोन क्लस्टर. आता कारखान्यातल्याकडे येते, कारण खरं कष्टाचं काम तिथे आहे. क्लाउडवर जे न मागता मिळतं ते इथे प्रत्येक वेळी स्वतः उभं करावं लागतं.

चार सर्व्हर आहेत म्हणून कंट्रोल प्लेन चारही सर्व्हरवर ठेवण्याचा मोह होईल. चार सदस्यांचं बहुमत तीन, म्हणजे एकच सर्व्हर गेलेला चालतो. तीन सदस्यांतही एकच गेलेला चालतो. चौथ्याने सुरक्षितता वाढत नाही, फक्त बिघडू शकणारी आणखी एक जागा तयार होते. तीन सर्व्हरवर कंट्रोल प्लेन ठेवा, त्याच तिघांवर कामाचे पॉडही चालू द्या, आणि चौथा फक्त वर्कर असू द्या. एवढ्या छोट्या क्लस्टरमध्ये तीन सर्व्हर निव्वळ कंट्रोल प्लेनसाठी राखून ठेवणं परवडत नाही. आणि हे तिघे एकाच यूपीएसवर, एकाच स्विचवर असतील तर तीन असून नसल्यासारखेच. तीन व्हर्च्युअल मशीन एकाच फिजिकल सर्व्हरवर ठेवून त्याला हाय अव्हेलेबिलिटी म्हटलेलंही मी पाहिलं आहे. तसं करू नका.

डिस्क आधी तपासा. एटसीडी प्रत्येक लिखाण डिस्कवर पक्कं झाल्याशिवाय पुढे जात नाही. त्या पक्कं करण्याला, म्हणजे एफसिंकला, १०० पैकी ९९ वेळा १० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागावा अशी शिफारस आहे. ७,२०० आरपीएमच्या फिरत्या डिस्कला एक फेरी पूर्ण करायलाच ८.३ मिलिसेकंद लागतात. बाजूला एखादा बॅकअप चालू असेल तर १० चा आकडा सहज ओलांडला जातो. एका ठिकाणी रोज रात्री साडेबाराला क्लस्टर ‘डळमळायचा’, म्हणजे एटसीडीचा लीडर (मुख्य सदस्य) बदलायचा, एपीआय अडकायचं, पॉड उगाच रीस्टार्ट व्हायचे. आठवडाभर नेटवर्क खणून काढलं. शेवटी कळलं की त्याच डिस्कवर साडेबाराला डेटाबेसचा बॅकअप सुरू होतो. उपाय फार साधा होता: प्रत्येक कंट्रोल प्लेन सर्व्हरमध्ये एटसीडीसाठी एक छोटी वेगळी एसएसडी, तीही पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेली, एंटरप्राइज दर्जाची. तुमचे सर्व्हर जुने असतील तर खर्चाचा पहिला रुपया इथे घाला, रॅम नंतर वाढवा. विकत घेण्याआधी एफआयओ या डिस्क मोजणाऱ्या साधनाने मोजा. साधारण २,३०० बाइटचे तुकडे, प्रत्येक लिखाणानंतर एफडेटासिंक (एफसिंकसारखंच), आणि चाचणी चालू असताना नेहमीचं कामही चालू ठेवा.

त्यानंतर आयपी पत्त्यांचं गणित, आणि इथे कारखान्यांची हमखास गफलत होते. क्लस्टरला स्वतःसाठी दोन पत्त्यांचे पट्टे लागतात, एक पॉडसाठी आणि एक सर्व्हिससाठी. कॅलिको या नेटवर्क प्लगइनच्या नेहमीच्या मॅनिफेस्टमध्ये (मांडणीच्या फाइलमध्ये) पॉडसाठी १९२.१६८.०.०/१६ हा पट्टा, म्हणजे १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे पत्ते, गृहीत धरलेला असतो. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांचं लॅन, पीएलसी (मशीन चालवणारे नियंत्रक), कॅमेरे, बायोमेट्रिक हे सगळं १९२.१६८ नेच सुरू होतं. क्लस्टर उभा राहतो, सगळं हिरवं दिसतं, आणि पॉडमधून मशीनचं रीडिंग मात्र येत नाही, कारण पॅकेट क्लस्टरच्या आतच फिरत राहतं. क्यूबएडीएम (क्लस्टर उभारायचं कुबरनेटिसचं मूळ साधन) सर्व्हिससाठी १०.९६.०.०/१२ धरतो, आणि तो १०.९६ पासून १०.१११ पर्यंत पसरतो. केथ्रीएस पॉडसाठी १०.४२.०.०/१६ आणि सर्व्हिससाठी १०.४३.०.०/१६ घेतो. कारखान्याचं लॅन, व्हीपीएन, क्लाउडचा व्हीपीसी (तिथलं तुमचं खासगी नेटवर्क) आणि दोन्ही क्लस्टरचे पट्टे एका कागदावर मांडा आणि कुठेही एकमेकांवर चढत नाहीत याची खात्री करा. क्लस्टर उभा राहिल्यावर हे बदलणं म्हणजे जवळजवळ नव्याने उभारणं.

तसंच एपीआयचा पत्ता. पहिल्या सर्व्हरचाच आयपी एपीआयचा पत्ता म्हणून देऊन मोकळं होऊ नका. सुरुवातीलाच एक नाव ठरवा, ते एका फिरत्या (एक सर्व्हर पडला की दुसऱ्याकडे जाणाऱ्या) आयपीकडे वळवा, आणि तो आयपी क्यूब-व्हीआयपी किंवा कीपअलाइव्हडीने सांभाळा. आज एकच सर्व्हर असला तरी हे करा. क्यूबएडीएममध्ये हे नाव सुरुवातीला दिलं नसेल तर पुढे एकाचे तीन कंट्रोल प्लेन करण्याचा अधिकृत मार्ग नाही.

क्लाउडवर सर्व्हिसचा प्रकार लोडबॅलन्सर (बाहेरून येणारी रहदारी वाटणारा) लिहिला की पत्ता मिळतो. कारखान्यात तीच सर्व्हिस कायम पेंडिंग दिसत राहील, कारण पत्ता द्यायला कोणी नाही. त्यासाठी मेटलएलबी लावा. त्याच्या लेअर टू पद्धतीत एका पत्त्याची सगळी रहदारी एका वेळी एकाच नोडवरून येते, म्हणजे भार वाटला जात नाही, फक्त नोड पडला तर पत्ता दुसरीकडे सरकतो. तुमच्यासाठी तेवढं पुरे. राउटर मोठा असेल आणि नेटवर्कचा माणूस तयार असेल तरच बीजीपीकडे (राउटरला मार्ग कळवण्याच्या पद्धतीकडे) जा. मेटलएलबीला दिलेला पट्टा डीएचसीपीच्या (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पट्ट्यातून वगळायला मात्र विसरू नका.

स्टोरेजबद्दल माझं मत थोडं कडक आहे. चार सर्व्हरवर सेफ (अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र करणारं स्टोरेज) चालवता येतं, रूक या साधनाने ते उभंही पटकन होतं. पण सेफ बिघडलं की दुरुस्त करायला सेफ जाणणारा माणूस लागतो. तुम्ही दोघे आहात आणि दोघांनाही आधी कुबरनेटिस शिकायचं आहे. पहिलं वर्ष डेटाबेस क्लस्टरच्या बाहेर, आज जिथे आहे तिथेच राहू द्या. क्लस्टरमध्ये फक्त अशा सर्व्हिसेस आणा ज्यांचा डेटा हरवला तरी चालेल किंवा जो पुन्हा तयार करता येईल. छोट्या गरजांसाठी लाँगहॉर्न (हेही स्टोरेजच, पण साधं) बघा, पण त्याची नक्कल करणारी रहदारी एक गिगाबिटच्या जुन्या स्विचवरून जाणार असेल तर अपेक्षा माफक ठेवा.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट: घड्याळ. जुन्या सर्व्हरची मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असते. वीज गेली की घड्याळ मागे जातं, आणि मग क्लस्टरची सगळी प्रमाणपत्रं ‘अजून वैध झालेली नाहीत’ असं उत्तर येऊ लागतं. कारखान्यातच एक एनटीपी (वेळ पुरवणारा) सर्व्हर ठेवा, बाकीचे त्याच्याकडून वेळ घेतील. तो स्वतः एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी जोडलेला असावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांमध्ये ही वेळेची अट आहे आणि लॉग १८० दिवस भारतात ठेवण्याचीही. त्यामुळे लॉगसाठीची डिस्क आत्ताच हिशेबात धरा.

आता कारखान्यासाठी साधन. क्यूबस्प्रे चांगलं आहे, मी मोठ्या ठिकाणी वापरते. पण ते अन्सिबलच्या (सर्व्हरवरची कामं आपोआप करणाऱ्या साधनाच्या) स्क्रिप्टचं मोठं गाठोडं आहे आणि मधेच अडकलं तर आत काय चाललंय हे समजायला क्यूबएडीएम आधी माहीत असावं लागतं. टॅलॉस लिनक्स मला मनापासून आवडतं. त्यात सर्व्हरवर एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सोय) नसतंच, सगळं एपीआयने चालतं. पण तुमच्या कारखान्यात कोणीतरी कधीतरी कीबोर्ड-मॉनिटर लावून बघणार, आणि त्या वेळी ओळखीचं लिनक्स असलेलं बरं. तुमच्या आकाराला मी केथ्रीएस, म्हणजे कुबरनेटिसचं हलकं रूप, सुचवेन, एम्बेडेड एटसीडीसह. एक बायनरी, कमी हलते भाग. त्याचा मूळ डेटाबेस एसक्यूलाइट आहे आणि तो एकाच सर्व्हरपुरता आहे, त्यामुळे पहिला सर्व्हर सुरू करतानाच क्लस्टर-इनिट हा पर्याय द्या. मेटलएलबी लावणार असाल तर केथ्रीएसचा स्वतःचा सर्व्हिसएलबी बंद करा, नाहीतर दोघे एकाच कामावर धावतात.

केथ्रीएस रोज दोनदा, दर बारा तासांनी, एटसीडीचा स्नॅपशॉट घेतो आणि शेवटचे पाच ठेवतो. पण त्याच सर्व्हरच्या डिस्कवर. तो एस-थ्रीवर (एडब्ल्यूएसच्या फाइल साठ्यात) पाठवायची सोय त्याच्यातच आहे, ती पहिल्या दिवशी चालू करा. आणि सर्व्हर टोकन (क्लस्टरचा गुप्त संकेत) वेगळीकडे जपून ठेवा. स्नॅपशॉट हातात आहे पण टोकन नाही, अशा अवस्थेत पुनर्स्थापना अडते. हे टोकन मी पाकिटात घालून कंपनीच्या तिजोरीतही ठेवलेलं आहे.

प्रमाणपत्रांची मुदत हाही याच जातीचा विषय. क्यूबएडीएमने बनवलेली प्रमाणपत्रं एक वर्ष चालतात आणि व्हर्जन अपग्रेड केलं की आपोआप नवी होतात. म्हणजे वर्षभर अपग्रेड न केलेला क्लस्टर बरोबर वाढदिवसाला बंद पडतो. केथ्रीएसमध्ये मुदत जवळ आली असेल तर सर्व्हिस रीस्टार्ट केल्यावर ती नवी होतात. पण वर्षभर रीस्टार्टही न करणारे कारखाने मी पाहिले आहेत, म्हणून कॅलेंडरमध्ये नोंद करा.

क्लाउडच्या बाजूला काम सोपं आहे, चुका मात्र महाग आहेत. तिथे कंट्रोल प्लेन स्वतः उभा करू नका, ईकेएस घ्या. त्याचा दर तासाला ०.१० डॉलर, म्हणजे महिन्याला साधारण ७३ डॉलर. या पैशात तीन झोनमध्ये (एकमेकांपासून वेगळ्या डेटा सेंटरमध्ये) पसरलेला एटसीडी दुसरं कोणीतरी सांभाळतं, आणि दोन माणसांच्या टीमला याहून चांगला सौदा मिळणार नाही. पण एक तारीख लक्षात ठेवा. एका व्हर्जनला १४ महिने नेहमीचा आधार मिळतो. त्यानंतरही तिथेच थांबलात तर पुढचे १२ महिने दर तासाला ०.६० डॉलर लागतात. आळसाची किंमत सहापट.

इथे टेराफॉर्म (क्लाउडवरची मांडणी कोडमध्ये लिहून उभी करणारं साधन) घ्या. (ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचा परवाना बदलल्यानंतर त्यातून निघालेलं ओपनटोफूही चालेल, तुमच्या आकाराला फरक जाणवणार नाही.) नेटवर्क, क्लस्टर आणि क्लस्टरच्या आतल्या गोष्टी यांची स्टेट (टेराफॉर्मने काय उभं केलं याची नोंद) तीन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एकाच स्टेटमध्ये क्लस्टरही बनवायचा आणि त्याच धावेत त्याच्या आत हेल्म या पॅकेज साधनाने काहीबाही टाकायचं, असं केलं की पहिल्या दिवशी चालतं. ज्या दिवशी क्लस्टर बदलायचा असतो त्या दिवशी टेराफॉर्मला अजून अस्तित्वात नसलेल्या क्लस्टरशी बोलायचं असतं, आणि तिथेच ते अडकतं.

आयपीचं गणित इथेही आहे, फक्त उलट्या दिशेने. ईकेएसच्या नेहमीच्या नेटवर्क प्लगइनमध्ये प्रत्येक पॉडला तुमच्या व्हीपीसीच्या सबनेटमधला (नेटवर्कच्या उपविभागातला) खरा पत्ता मिळतो. /२४ च्या सबनेटमध्ये वापरता येण्याजोगे पत्ते २५१. एम-फाइव्ह लार्ज मशीनवर जास्तीत जास्त २९ पॉड बसतात, आणि प्लगइन पुढची तयारी म्हणून एक पूर्ण नेटवर्क इंटरफेसभर पत्ते आधीच अडवून ठेवतो. त्यामुळे मोजकेच पॉड असलेला नोडही २० पत्ते खाऊन बसतो. बारा नोडमध्ये सबनेट संपला. पॉड पेंडिंग, सीपीयू रिकामे, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. प्रत्येक झोनमध्ये पॉडसाठी /२० किंवा /१९ चा सबनेट ठेवा (आकडा लहान तितका सबनेट मोठा). पत्ते फुकट आहेत, आधी घ्या.

आणखी एक सूचना, जी लोक फार उशिरा ऐकतात: ईकेएस क्लस्टर ज्या ओळखीने तयार केला जातो तिला आपोआप पूर्ण अधिकार मिळतात. स्वतःच्या वैयक्तिक युजरने तयार करू नका. त्यासाठी वेगळा रोल करा, त्याच रोलने टेराफॉर्म चालवा, आणि बाकीच्यांना अ‍ॅक्सेस एन्ट्रीने अधिकार द्या. तुम्ही नोकरी बदललीत तरी क्लस्टर कंपनीचा राहिला पाहिजे. खर्चात नॅट गेटवेवर (खासगी नेटवर्कमधून बाहेर जाण्याच्या वाटेवर) नजर ठेवा. त्याचे तासाचेही पैसे लागतात आणि जाणाऱ्या प्रत्येक जीबीचेही. एस-थ्रीचा गेटवे एंडपॉइंट (एस-थ्रीकडे जाणारी थेट वाट) फुकट आहे आणि ईसीआरमधल्या (एडब्ल्यूएसच्या इमेज साठ्यातल्या) इमेजचे थर एस-थ्रीवरूनच येतात, तेव्हा तो पहिल्याच दिवशी लावा.

इथवरचं थोडक्यात: कारखान्यात तीन अधिक एक असा केथ्रीएस, क्लाउडवर ईकेएस, दोघांत कोणतीही ताणलेली गोष्ट नाही, डेटाबेस तूर्त बाहेर, पत्त्यांचा कागद सगळ्यात आधी.

मग व्यवस्थापनाला ‘एकच’ हवं होतं त्याचं काय? ते एकपण गिटमध्ये मिळतं. दोन्ही क्लस्टरवर आर्गो सीडी किंवा फ्लक्स (गिटमधली मांडणी क्लस्टरवर लागू करणारी साधनं) लावा, प्रत्येकात वेगळा, आणि दोघेही एकाच रिपॉझिटरीतून वाचतील असं करा. सर्व्हिसचं मूळ वर्णन एक, त्यावर कारखान्याचे बदल एका फोल्डरमध्ये आणि क्लाउडचे दुसऱ्या. लिंक तुटली तर कारखान्यातला क्लस्टर शेवटची माहीत असलेली अवस्था धरून चालत राहतो. फक्त नवे बदल थांबतात, जे योग्यच आहे. पण इमेजही जवळ असायला हवी. कारखान्यातच एक छोटी रजिस्ट्री (इमेजचा साठा) ठेवा आणि सगळे नोड तिथूनच इमेज घेतील असं करा, डॉकर हबवरच्या सार्वजनिक इमेजसुद्धा. नोड बदलला आणि त्याच दिवशी नेट नाही, हे होणारच आहे. सीक्रेट (पासवर्डसारख्या गोष्टी) उघडी गिटमध्ये ठेवू नका. सॉप्सने कूटबद्ध करा आणि किल्ली दोघांकडे असू द्या.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग: लाइव्ह जाण्याआधी कारखान्यातला क्लस्टर पूर्ण पुसा आणि फक्त रिपॉझिटरी, स्नॅपशॉट व ते टोकन एवढ्यावरून पुन्हा उभा करा. ज्युनिअरला करू द्या, तुम्ही शेजारी बसा आणि बोलू नका. जिथे तो थांबेल तिथे तुमच्या डोक्यात असलेलं काहीतरी कागदावर आलेलं नाही. पहिल्यांदा दीड दिवस लागेल. दुसऱ्यांदा अर्धा. हा सराव दर सहा महिन्यांनी करा, कारण बाहेरचं जगही बदलतं. कुबरनेटिसची जुनी पॅकेज रिपॉझिटरी सप्टेंबर २०२३ मध्ये गोठवली गेली आणि मार्च २०२४ मध्ये काढून टाकली. आधी जाहीर करूनच. तरीही माझ्या एका जुन्या स्क्रिप्टमध्ये तोच पत्ता राहून गेला होता, आणि तो सापडला सरावाच्या दिवशी. खऱ्या बिघाडाच्या रात्री सापडला असता तर काय झालं असतं, हे मला वेगळं सांगायला नको.

सरावासाठी आणि अपग्रेडसाठी गुरुवार निवडा. तुमच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी त्याच दिवशी, लाइन बंद असते. दिवाळीची लांब सुट्टी लोकांना जास्त सोयीची वाटते, पण तेव्हा इंटरनेट पुरवठादाराचा माणूसही गावी गेलेला असतो आणि स्विच बिघडला तर दुकानही बंद. कुबरनेटिसची वर्षाला तीन व्हर्जन येतात आणि प्रत्येकाला साधारण १४ महिने दुरुस्त्या मिळतात, तेव्हा वर्षातून दोन गुरुवार अपग्रेडसाठी राखलेत तर मागे पडणार नाही. कंट्रोल प्लेन एका वेळी एकाच पायरीने वर न्या, मधली व्हर्जन गाळू नका. आणि एका गुरुवारी, उत्पादनप्रमुखांना सांगून, एका कंट्रोल प्लेन सर्व्हरची वायर खरोखर ओढा. त्यानंतर बाहेरची लिंकही तोडा. बारकोड छापला जातोय का ते प्रिंटरपाशी उभं राहून बघा.

सर्व्हिसेसची ती यादी झाली, एफआयओचा आकडा हाती आला आणि पत्त्यांचा कागद तयार झाला की इथेच टाका. खरे आयपी नकोत, फक्त पट्टे पुरे. मेटलएलबीला कुठला पट्टा द्यायचा आणि त्या चार सर्व्हरपैकी कोणते तीन कंट्रोल प्लेन व्हायच्या लायकीचे आहेत, ते मग नेमकं सांगता येईल.